उंदीर घरात आणि दुकानात येऊच नयेत म्हणून काय काय करायचं, सगळं सविस्तर

उंदीर दिसला की बहुतेक जण पहिली धाव औषधाकडे नाहीतर पिंजऱ्याकडे घेतात, दोन-चार मरतात, पंधरा दिवस शांत जातात आणि मग परत माळ्यावर खुडबुड सुरू. कारण अगदी साधं आहे, उंदीर मेला पण तो ज्या भोकातून आला ते भोक तसंच आहे आणि तो जे खायला आला होता तेही तिथेच आहे, मग त्याच्या जागी दुसरा येणारच ना. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशातली गत. अमेरिकेत बाल्टिमोरला १९४० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी शहरातल्या उंदरांवर बरंच काम केलं, त्यातल्या डेव्हिड डेव्हिस या संशोधकाने हेच दाखवून दिलं की नुसते उंदीर मारले तर संख्या परत भरून निघते, खाणं आणि लपायच्या जागा कमी केल्या तर मात्र संख्या उतरते आणि उतरलेली राहते.

आणि ती भरून किती पटकन निघते ते बघा. तपकिरी उंदराची मादी साधारण २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळेला सात-आठ पिल्लं सहज होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः पिल्लं घालायला तयार होतात. त्यामुळे "एखादाच दिसला, बघू नंतर" हे बोलणं फार महागात पडतं.

म्हणून मी खाली जो क्रम देतोय तो शक्यतो तसाच पाळा. आधी तपासणी, मग खाणं-पाणी बंद, मग भोकं बंद, आणि आत उरलेल्यांसाठी ट्रॅप. विष अगदी शेवटी, आणि घराच्या आत तर शक्यतो नाहीच.

आधी बघा कोण आलंय

सगळे उंदीर एकसारखे वागत नाहीत, त्यामुळे हे ओळखल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. तपकिरी उंदीर जाडजूड असतो, शेपूट अंगापेक्षा आखूड, तो जमिनीत बिळं करतो, ड्रेनेजमधून फिरतो, त्यामुळे तो खालून येतो. काळा उंदीर सडपातळ, कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब, आणि हा पट्ठ्या चढण्यात एकदम तयार, झाडाच्या फांदीवरून, केबलवरून, पाईपवरून थेट छतात जातो. तिसरा तो छोटा घरातला उंदीर, अंगठ्याएवढा, तो कपाटात, ओट्यामागे, कागदाच्या खोक्यात घर करतो आणि घरट्यापासून फार लांब जातच नाही, बहुतेक वेळा दहा मीटरच्या आतच त्याचं सगळं चाललेलं असतं. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री दिसली तर ती उंदीर नाहीच, ती मुख्यतः किडे खाते, तिच्यासाठी उंदराचे उपाय करत बसू नका, किडे आणि दाराखालची फट याकडे बघा.

प्रत्यक्ष दिसला नाही तरी लेंड्यांवरून कळतं. छोट्या उंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. मोठ्या उंदरांची १२ मिलिमीटरच्या पुढे, त्यातही तपकिरी उंदराची टोकं बोथट आणि काळ्याची निमुळती. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत असते, जुनी वाळून चुरा होते. सगळ्या स्वच्छ केल्या (कशा करायच्या ते पुढे लिहिलंय) आणि दोन दिवसांनी परत दिसल्या तर वर्दळ चालू आहे समजायचं.

टॉर्च घेऊन खाली बसा

तपासणी उभं राहून होत नाही. उंदीर मोकळ्या जागेतून जायला घाबरतो, मिशा भिंतीला लावून कडेकडेने पळतो, त्यामुळे तुम्हाला पण त्याच्या उंचीवरून बघायला लागतं. टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे लेंड्या, पायाचे ठसे, कुरतडलेला भुसा सगळ्याच्या सावल्या पडतात आणि दिसायला लागतं.

सगळ्यात आधी सिंकखालचं कपाट. सगळं सामान बाहेर काढा आणि ड्रेन पाईप भिंतीत कुठे शिरतो ते बघा. पाईप टाकायला भोक नेहमी पाईपापेक्षा मोठं पाडलेलं असतं, काम झाल्यावर भोवतीची गॅप एकतर तशीच राहते नाहीतर त्यावर प्लास्टिकची एक चकती सरकवलेली असते. ती चकती हाताने मागे घ्या, बऱ्याच ठिकाणी आत अख्खा अंगठा जातो. आता त्या गॅपच्या कडेला काळपट, तेलकट डाग आहे का बघा. उंदराच्या अंगाचं तेल आणि धूळ मिळून रोजच्या वाटेवर असा डाग पडतो, बोटाने पुसला आणि पसरला तर ताजा, खपलीसारखा निघाला तर जुना. माझ्या मते हा एक डाग ओळखता आला की निम्मं काम झालं, कारण तो तुम्हाला थेट दारापर्यंत नेतो.

मग फ्रीजच्या मागे (कॉम्प्रेसरजवळ ऊब असते), गॅसच्या पाईपचं भोक, एसीची कॉपर पाईप बाहेर जाते ती जागा, बाथरूमची जाळी, एक्झॉस्ट फॅन, विजेचा बोर्ड, माळा, फॉल्स सीलिंग. भोक चालू आहे की जुनं पडीक आहे हे कळत नसेल तर त्यात कागदाचा बोळा सैलसर कोंबा आणि दोन दिवस थांबा, ढकलला किंवा कुरतडला गेला तर चालू आहे. वाट कळत नसेल तर भिंतीलगत टॅल्कम पावडरचा पातळ थर टाकून ठेवा, सकाळी ठसे मिळतात. पीठ मात्र वापरू नका, ते उंदीर खातात.

सगळं एका कागदावर काढा, खोलीचा ओबडधोबड नकाशा आणि त्यावर खुणा. आळस करू नका यात, पुढे ट्रॅप कुठे लावायचे ते या कागदावरूनच ठरतं.

खाणं आणि पाणी

मोठ्या उंदराला दिवसाला २५-३० ग्रॅम खाणं पुरतं, छोट्याला तर ३-४ ग्रॅम. म्हणजे ओट्याखाली सांडलेल्या दाण्यांवर एखादं कुटुंब आरामात जगतं. धान्य, पीठ, बिस्किटं, बिया सगळं पत्र्याच्या, काचेच्या किंवा जाड आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण पातळ प्लास्टिकचा डबा उंदीर एका रात्रीत फोडतो. कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री उचलून ठेवा, हे फार लोक विसरतात आणि घर कितीही स्वच्छ असलं तरी उंदीर येतात ते यामुळे. पक्ष्यांना दाणे टाकत असाल तर उंदीर असेपर्यंत बंद करा. कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि रात्री रिकामा. रात्रीची भांडी खरकटी ठेवून झोपू नका.

पाण्याचं महत्त्व अजून कमी लोकांना माहितीये. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतंच, त्यामुळे गळका नळ, एसीच्या पाण्याची बादली, कुंडीखालची ताटली, बाथरूममधलं साचलेलं पाणी हे सगळं कोरडं केलं तर त्याला राहणं अवघड होतं. छोट्या उंदराला खाण्यातूनच पुरेसं पाणी मिळतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत यावर भरवसा ठेवू नका.

अडगळ पण काढा. खोकी, जुने कपडे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे म्हणजे घरट्यासाठी तयार माल. ठेवायचंच असेल तर झाकणाच्या बॉक्समध्ये, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून थोडं सोडून ठेवा.

भोकं बुजवणं, म्हणजे खरं काम

दोन आकडे लक्षात ठेवा. छोटा उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी फट. मोठ्या उंदराला साधारण १२ मिलिमीटर पुरतात. त्यामुळे एक पेन्सिल खिशात घेऊनच फिरा, जिथे पेन्सिल जाते ती प्रत्येक जागा बंद करायची.

कशाने बंद करायची यात सगळ्यात जास्त चुका होतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तो सतत कुरतडतो, लाकूड, प्लास्टिक, रबर, थर्माकोल, शिसं, कच्चं काँक्रीट काहीच सोडत नाही. स्प्रे फोम लोकांना फार आवडतो कारण पटकन फुगतो आणि भोक भरल्यासारखं दिसतं, पण नुसता फोम उंदीर सरळ पोखरून जातो. फोम वापरायचाच तर आधी भोकात स्टेनलेस स्टीलचा किंवा तांब्याचा तारेचा काथ्या घट्ट ठासा आणि मग वरून फोम किंवा सीलंट. साधा लोखंडी काथ्या ओलीत गंजून वर्षभरात गळून पडतो, म्हणून सिंकखाली तो नको.

मोठ्या भोकांना सिमेंट-वाळूचा पक्का माल, त्यात काचेचा चुरा वगैरे घालायची गरज नाही, मिश्रण घट्ट आणि नीट वाळलेलं असणं महत्त्वाचं, ओलं असताना रात्री उंदीर ते उकरतो म्हणून वाळेपर्यंत वर पत्रा लावून ठेवा. हवा लागते अशा जागांना, म्हणजे व्हेंटिलेटर, एक्झॉस्ट, माळ्याची खिडकी, तिथे ६ मिलिमीटर छिद्रांची वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रू मारून बसवा. डासांची नायलॉनची जाळी उंदराला काहीच नाही.

दारं. बाहेरचं दार बंद करून आत अंधार करा आणि बाहेरून कोणाला तरी टॉर्च मारायला सांगा, खालून जिथे उजेड येतो तिथून उंदीर येतो. दाराच्या खाली अॅल्युमिनियमची किंवा आत स्टीलची जाळी असलेली पट्टी बसवा, नुसती रबरची पट्टी कोपऱ्यातून कुरतडली जाते, आणि नेहमी कोपऱ्यातूनच. लाकडी दार असेल तर खालच्या भागाला आणि चौकटीच्या पायाला पत्रा ठोका.

ड्रेनेज. तपकिरी उंदीर उत्तम पोहतो, पाण्याखालून जातो आणि टॉयलेटच्या पाईपमधून वर येऊ शकतो, ही अफवा नाहीये. बाथरूमच्या जाळ्या स्टीलच्या आणि स्क्रूने घट्ट बसणाऱ्या हव्यात, नुसत्या ठेवलेल्या जाळ्या तो डोक्याने उचलतो. तळमजल्यावर त्रास असेल तर प्लंबरकडून पाईपमध्ये एका बाजूनेच उघडणारा फ्लॅप बसवून घ्या. तुटलेलं चेंबरचं झाकण आजच बदला.

बाहेरच्या उभ्या पाईपवर आणि केबलवर पत्र्याची गोल तबकडी किंवा कोन बसवता येतो म्हणजे वर चढणारा तिथे अडतो. झाडाच्या फांद्या छतापासून आणि खिडक्यांपासून निदान दोन मीटर लांब कापा. भिंतीला टेकलेली झुडपं, वेली, लाकडाचा ढीग हे सगळं काढून भिंतीलगत अर्धा-पाऊण मीटरचा मोकळा पट्टा ठेवा, उघड्यावरून जायला उंदीर कचरतो. जमिनीत बिळं असतील तर नुसती माती लोटून काही होत नाही, तो परत उकरतो. आधी कागदाच्या बोळ्याने बीळ चालू आहे का बघा, उंदीर पकडून झाल्यावर भरा आणि वर जाळी अंथरून माती टाका.

आता एक प्रश्न सगळे विचारतात, उंदीर आत असताना भोकं बंद केली तर ते आतच अडकणार नाहीत का. अडकतील, म्हणूनच ज्या दिवशी भोकं बंद कराल त्याच दिवशी आत ट्रॅप लावायचे. माळ्यात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये घरटं असेल तर तिथलं शेवटचं भोक मात्र आठवडाभर एकही नवी खूण दिसली नाही की मगच बंद करा, नाहीतर पिल्लं आत मरतात आणि वास सहन होत नाही.

ट्रॅप

स्प्रिंगचा साधा चापडा अजूनही सगळ्यात भरवशाचा. तो भिंतीला काटकोनात लावायचा, खाणं लावायची बाजू भिंतीकडे, म्हणजे कडेने पळणारा उंदीर सरळ त्यावरून जातो. खोलीच्या मधोमध लावलेला ट्रॅप रिकामाच राहतो.

मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, काही दिवस जवळच जात नाही. म्हणून आधी तीन-चार दिवस ट्रॅप न ओढता, नुसतं खाणं लावून ठेवा, खायला लागला की एकाच रात्री सगळे ट्रॅप ओढा. छोटा उंदीर उलट, फार चौकस, त्याच्यासाठी पहिल्या रात्रीपासूनच लावा आणि दोन-तीन मीटरवर एक असे भरपूर लावा, एक-दोन ट्रॅपने काही होत नाही. आमिष म्हणून पीनट बटर वाटाण्याएवढंच, जास्त लावलं तर तो कडेने चाटून निघून जातो. खाणं मुबलक असलेल्या जागी दोऱ्याचा किंवा कापसाचा तुकडा बांधा, घरट्यासाठी ओढायला येतो. घरात लहान मुलं, पाळीव प्राणी असतील तर ट्रॅप बंद पेटीत ठेवा. पिंजरा वापरत असाल तर रोज दोनदा बघा.

चिकट पाट्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, वापरू नका. जनावर तासन् तास तडफडतं, पाल-पक्षी पण अडकतात, आणि घाबरलेला उंदीर तिथेच लघवी-विष्ठा करतो म्हणजे आजाराचा धोका वाढतो. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून सामान्य लोकांना त्या वापरायला कायद्याने बंदी आहे.

विषाबद्दल काळजीने वाचा

बाजारात मिळणारे ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकमसारखे केक व्हिटॅमिन के चं काम थांबवतात, रक्त गोठत नाही आणि उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. म्हणजे तो कुठे मरेल यावर तुमचा ताबा नाही, भिंतीत मेला तर आठवडेच्या आठवडे वास आणि माश्या. तो विष खाल्लेला उंदीर मांजराने, घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधतं. शिवाय उंदरांना विषाची सवय होते ती वेगळीच, याच प्रकारचं वॉरफरिन हे विष १९४८ च्या सुमाराला उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर सापडले.

झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार करतं, त्याला उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते, तिलाही उतारा नाही. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही, कुठल्याही कारणाने ठेवू नका, तो वायू फटींमधून शेजारच्या खोलीतही जातो आणि झोपलेली माणसं दगावतात. चुकून कोणाच्या पोटात यातलं काहीही गेलं, मुलाने नुसतं चाटलं तरी, पाकीट सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा. "बरा दिसतोय" म्हणून थांबू नका, यातल्या काही विषांची लक्षणं एक-दोन दिवसांनी सुरू होतात. घरच्या घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

विष वापरायचंच असेल तर बाहेर, कुलपाच्या पेटीत आणि जाणकार माणसाकडून.

उंदीर गेल्यावर सफाई

झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. वाळलेल्या लेंड्या-लघवीची धूळ हवेत उडते आणि श्वासातून हंटाव्हायरससारखे आजार होऊ शकतात, लघवीतून लेप्टोस्पायरोसिस, खाण्यातून साल्मोनेला. आधी खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या आणि मग कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. मेलेल्या उंदरालाही हाच नियम, आधी फवारा, मग दोन पिशव्यांत. हात साबणाने धुवा.

दुकान, हॉटेल, गोडाऊन, ऑफिस

वरचं सगळं इथेही लागू आहेच, फक्त इथे येणारा-जाणारा माल आणि बदलणारी माणसं असतात, त्यामुळे पद्धत लिहून ठेवलेली लागते, आठवणीवर चालत नाही.

बरेचदा उंदीर मालातूनच आत येतो. माल उतरवताना खोकी बाहेरच तपासा, कोपरा कुरतडलेला, लघवीचा डाग, लेंडी दिसली तर ते खोकं आत घेऊच नका. गोडाऊनमध्ये माल जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर पॅलेटवर आणि भिंतीपासून ४५ सेंटिमीटर सोडून लावा, त्या पट्ट्याला पांढरा रंग मारा म्हणजे लेंड्या लांबून दिसतात आणि माणूस टॉर्च घेऊन आत जाऊ शकतो. जुना माल आधी काढा, महिनोन् महिने न हललेल्या थप्पीतच घरटी सापडतात.

शटर ही दुकानांची दुखरी जागा. खालची फट लोक बघतात, पण शटर ज्या उभ्या चॅनेलमध्ये सरकतं त्याच्या बाजूची फट आणि वरच्या गुंडाळीच्या पेटीतली फट कोणीच बघत नाही आणि काळा उंदीर वरूनच येतो. तिथे ताठ केसांचे ब्रश आणि पत्रा बसवून घ्या. मागचं दार हवा यावी म्हणून दिवसभर उघडं असतं, त्याला आपोआप बंद होणारं जाळीचं दार लावा.

किचनमध्ये जड मशीन चाकांवर ठेवा म्हणजे खाली रोज साफ होतं. रात्री बंद करताना कोण काय करणार ते नावासकट लिहा, गाळण्या रिकाम्या, ओला कचरा बाहेर, फरशी कोरडी. बाहेरचा कचऱ्याचा डबा धातूचा, झाकण बंद, दारापासून लांब. न्यूयॉर्कने १ मार्च २०२४ पासून सगळ्या व्यवसायांना कचरा पिशव्यांऐवजी झाकणबंद डब्यातच बाहेर ठेवणं सक्तीचं केलं, ते याच कारणाने. ऑफिसमध्ये ड्रॉवरमधलं खाणं आणि केबलसाठी पाडलेली भोकं बघा, वायर कुरतडून शॉर्टसर्किट झालं तर आग लागू शकते.

एक वही ठेवा, कोणाला कुठे काय दिसलं, किती वाजता. दिसलं ते सांगणाऱ्या कामगाराला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही.

कशावर पैसे घालवू नका

अल्ट्रासोनिक मशीनवर. उंदीर आवाजाला लवकर सरावतात आणि तो आवाज भिंती-फर्निचरपलीकडे जातही नाही, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच अशा ६० हून जास्त कंपन्या-विक्रेत्यांना इशारा दिला होता की दाव्यांना पुरावा हवा. मांजर छोट्या उंदरांवर थोडं चालतं, मोठ्यांवर नाही, ब्रुकलिनमधल्या एका कचराकेंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून बघितलं तर मांजरांनी फक्त दोन उंदीर मारलेले दिसले. डांबराच्या गोळ्या आणि पुदिन्याचं तेल पण नको, वासाने उंदीर फार तर बाजूच्या वाटेने जातो.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं तर

दिवसा उंदीर फिरताना दिसायला लागले, छतात आवाज थांबत नाही, किंवा इमारत जोडलेली आहे आणि शेजारून येतायत, तर जाणकाराला बोलवा. शेजाऱ्यांना पण सोबत घ्या कारण एकाच घराने भोकं बुजवली तर उंदीर फक्त भिंतीपलीकडे सरकतात, ड्रेनेज चेंबर आणि कचऱ्याची जागा सगळ्यांची मिळूनच सुधारावी लागते.

करार करताना महिन्यातून एकदा केक टाकून जाणारा नको. त्याने पहिल्या भेटीत फिरून भोकांची यादी द्यायला हवी, प्रत्येक ट्रॅप आणि पेटीला नंबर देऊन नकाशावर दाखवायला हवं, कुठलं औषध वापरलं त्याचं नाव आणि उतारा लिहून द्यायला हवा, आणि प्रत्येक भेटीनंतर कुठल्या नंबरवर वर्दळ होती याचा रिपोर्ट फोटोसकट द्यायला हवा. भोकं कोण बुजवणार, तुम्ही की तो, हे करारातच लिहून घ्या, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसता.